लिनक्सवर आकाशछायाचित्रांच्या संस्करणासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

रोहिणी_ठाणे (4 जानेवारी, रात्री 9.50)

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या अमावास्येला मुरबाडच्या पलीकडे एका परिचितांच्या शेतावर जाऊन मी देवयानी दीर्घिकेच्या 120 फ्रेम घेतल्या. प्रत्येक फ्रेम 60 सेकंदांची, आयएसओ 1600, 24 मेगापिक्सेलचा डीएसएलआर, 200 मिमीची लेन्स आणि खाली छोटा ट्रॅकर (आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारे यंत्र) अशी मांडणी होती. त्याच रात्री झाकण लावून 20 डार्क (सेन्सरचे स्वतःचे दोष टिपणाऱ्या काळ्या फ्रेम) घेतले आणि पहाटे उजाडताना लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून 20 फ्लॅट (लेन्समुळे कोपऱ्यांत पडणारा काळोख मोजणाऱ्या एकसारख्या उजळ फ्रेम) घेतले.

आतापर्यंत मी एका मैत्रिणीच्या विंडोज संगणकावर डीपस्कायस्टॅकर हे फ्रेम एकत्र करणारे सॉफ्टवेअर वापरत असे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर गेली सहा वर्षे लिनक्स मिंट आहे, 16 जीबी रॅम आहे, आणि केवळ या छंदासाठी विंडोज बसवण्याची माझी इच्छा नाही. सिरिल, पिक्सइनसाइट आणि गिंप ही तीन नावे सतत कानावर पडतात. यांतील कोणते कशासाठी, पैसे खर्च करणे कितपत आवश्यक, आणि पुढे गुरू-शनीची छायाचित्रे घ्यायची झाल्यास हेच सॉफ्टवेअर पुरेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

निशाचर (4 जानेवारी, रात्री 10.35)

रोहिणीताई, सिरिलपासून सुरुवात करा. ते मुक्त स्रोत आहे, विनामूल्य आहे, आणि कॅलिब्रेशन (डार्क-फ्लॅटच्या मदतीने फ्रेममधील दोष काढणे), संरेखन (फ्रेम एकमेकींशी जुळवणे), स्टॅकिंग (त्या एकत्र करणे), रंगसंतुलन व स्ट्रेच (फिकट भाग ताणून उजळवणे) ही सगळी कामे त्या एकाच ठिकाणी होतात. एका फोल्डरमध्ये बायसेस (झाकण लावून सर्वांत वेगवान शटरने घेतलेल्या फ्रेम), डार्क्स, फ्लॅट्स आणि लाइट्स (आकाशाच्या मूळ फ्रेम) या नावांचे चार उपफोल्डर करून त्यांत आपापल्या फायली ठेवल्या आणि रंगीत कॅमेऱ्यासाठीची तयार स्क्रिप्ट चालवली, की शेवटी एक स्टॅक केलेली फिट्स (खगोलीय प्रतिमांचे स्वरूप) फाइल हाती येते.

ती फाइल उघडल्यावर पडदा जवळपास पूर्ण काळा दिसेल, त्याने घाबरून जाऊ नका. कॅमेऱ्याने टिपलेला प्रकाश त्या फाइलमध्ये रेषीय स्वरूपात असतो, म्हणजे दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा. दीर्घिकेच्या भुजा पार्श्वभूमीपेक्षा इतक्या किंचितच उजळ असतात की तो फरक ताणल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही. सिरिलमध्ये खालच्या बाजूला ‘ऑटोस्ट्रेच’ नावाचा पर्याय आहे, तो निवडला की चित्र एकदम उजळते. मात्र तो बदल फक्त पडद्यावरचा असतो, फाइलमधील आकडे जसेच्या तसे राहतात. नवीन माणूस नेमका इथेच फसतो: पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र तो तसेच साठवतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर पुन्हा काळोख पाहतो. खरा स्ट्रेच वेगळ्या आज्ञेने करावा लागतो, आणि पार्श्वभूमी काढणे व रंगसंतुलन ही दोन्ही कामे त्याच्या आधीच उरकावी लागतात.

सह्याद्रीवासी (4 जानेवारी, रात्री 11.10)

स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते पाहा. 24 मेगापिक्सेलची एक फ्रेम तीन रंगांत आणि 32 बिटमध्ये उलगडली, की 24 दशलक्ष गुणिले 3 गुणिले 4, म्हणजे सुमारे 288 एमबी होते. तुमच्या 120 फ्रेमचे साधारण 35 जीबी झाले, आणि संरेखनानंतर तेवढाच दुसरा संच तयार होतो, म्हणजे 70 जीबी. सिरिलच्या प्रेफरन्सेसमध्ये 16 बिट निवडल्यास हे निम्म्यावर येते, परंतु जागा असेल तर 32 बिटच ठेवावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. लिनक्सवर सिरिल मूळ फायलींच्या प्रती काढण्याऐवजी शक्य तेथे केवळ दुवे तयार करते. माझी बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीची होती, तिच्यावर असे दुवे करता येत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष प्रती निघाल्या आणि अर्ध्या कामात डिस्क भरली. आता कामाचा फोल्डर मी लॅपटॉपच्या एक्स्ट4 या लिनक्स पद्धतीच्या विभाजनावरच ठेवतो.

राइनकाठचा (5 जानेवारी, पहाटे 3.20)

मी जर्मनीत राहतो आणि चार वर्षांपासून लिनक्सवरच पिक्सइनसाइट वापरतो, म्हणून त्याची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. ते लिनक्सवर मूळ स्वरूपातच चालते, वाइनची (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीची) गरज पडत नाही. एकदा घेतलेला परवाना त्या व्यक्तीच्या नावावर कायम राहतो. डब्ल्यूबीपीपी ही त्यातील स्क्रिप्ट शेकडो फ्रेमची प्रतवारी स्वतः करते, प्रत्येक फ्रेमला तिच्या गुणवत्तेनुसार भार देते आणि वेगवेगळ्या रात्रींचे, वेगवेगळ्या फिल्टरचे काम एकत्र हाताळते. प्रत्येक प्रक्रियेची सर्व मापे उघड असतात आणि केलेल्या कृतींचा इतिहास प्रतिमेबरोबर साठवता येतो, त्यामुळे सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी आपण नेमके काय केले होते ते कळते. मला या शिस्तीचे मोल फार वाटते.

शिकायला वेळ लागतो, हे मान्य आहे. पहिले दोन महिने मी केवळ खिडक्यांची नावे पाठ करत होतो. 16 जीबी रॅमवर ते चालेल, पण मोठ्या संचाला कमी पडेल. 45 दिवसांचा चाचणी परवाना मिळतो, तो मागवून पाहावा.

शर्मिष्ठा (5 जानेवारी, सकाळी 8.15)

राइनकाठचा यांनी लिहिलेले सर्व खरे आहे, तरीही रोहिणीताईंना आत्ताच तो सल्ला देणे मला पटत नाही. पिक्सइनसाइटची किंमत सुमारे 300 युरो आणि वर कर आहे, म्हणजे आजच्या दराने तीस हजार रुपयांच्या पुढे. तेवढ्या पैशांत छोटी गायडिंग दुर्बीण (एका ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकरची चूक सुधारणारी) आणि तिचा कॅमेरा येतो, आणि 60 सेकंदांच्या फ्रेम 180 सेकंदांच्या करता येतात. ज्यांची सामग्री अजून वाढायची आहे त्यांनी पैसा आधी प्रकाश गोळा करण्यावर खर्च करावा. फ्रेमची संख्या चौपट केली तर कणकणपणा (नॉइज) निम्मा होतो, हा नियम सगळ्या सॉफ्टवेअरना सारखाच लागू आहे.

शिवाय चाचणी परवाना आत्ता मागवू नये. जानेवारी ते मार्च हे आपल्याकडचे निरीक्षणाचे दिवस आहेत. पावसाळ्यात, जूनअखेरीस, जेव्हा महिनोन्‌महिने आकाश दिसत नाही आणि हाती साठवलेला कच्चा माल असतो, तेव्हा ते 45 दिवस पूर्णपणे वापरता येतील.

ध्रुवमत्स्य (5 जानेवारी, सकाळी 11.40)

मिंटच्या सॉफ्टवेअर भांडारातील सिरिल बसवू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. भांडारातील आवृत्ती जुनी असू शकते. माझ्याकडे डेबियन 12 आहे, ते जून 2023 मध्ये आले आणि सिरिलची 1.2 आवृत्ती त्यानंतर आली, त्यामुळे माझ्या भांडारात 1.0 मालिकाच राहिली. मी इंटरनेटवरून नवी स्क्रिप्ट उतरवली आणि ती पहिल्याच टप्प्यावर थांबली, कारण 1.0 मधील ‘प्रीप्रोसेस’ ही आज्ञा 1.2 मध्ये ‘कॅलिब्रेट’ झाली आहे. दोष माझ्या छायाचित्रांत आहे असे समजून मी दोन रात्री वाया घालवल्या. फ्लॅटहब या संकेतस्थळावरून फ्लॅटपॅक घ्या किंवा अधिकृत संकेतस्थळावरील ॲपइमेज घ्या (दोन्ही भांडारावर अवलंबून नसलेली पॅकेजे आहेत), म्हणजे स्क्रिप्ट आणि प्रोग्रॅम एकाच पिढीतले राहतील.

निशाचर (5 जानेवारी, दुपारी 1.05)

ध्रुवमत्स्य यांचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. मी तो लिहायला हवा होता. 1.2 पासून सामान्यीकृत हायपरबोलिक स्ट्रेचही मिळतो. देवयानीसारख्या लक्ष्याला तो फार उपयोगी पडतो, कारण गाभा पांढराफटक होऊ न देता बाहेरच्या भुजा वर आणता येतात.

सह्याद्रीवासी (5 जानेवारी, सायंकाळी 6.30)

रोहिणीताई, तुमच्या जागेवरून एक अंदाज करतो. मुरबाडपलीकडच्या शेतावरून कल्याण-उल्हासनगरचा उजेड पश्चिमेला येतो, आणि डिसेंबरात देवयानी दीर्घिका संध्याकाळी डोक्यावरून निघून त्याच दिशेला उतरते. म्हणजे तुमच्या पहिल्या फ्रेममध्ये पार्श्वभूमी बऱ्यापैकी सपाट असेल आणि शेवटच्या फ्रेममध्ये एका बाजूला नारिंगी छटा चढलेली असेल. असे असताना सगळ्या फ्रेम एकत्र केल्यावर जो उतार (एका बाजूकडून दुसरीकडे उजेड बदलत जाणे) उरतो तो गुंतागुंतीचा असतो. त्याऐवजी कॅलिब्रेशन झालेल्या प्रत्येक फ्रेममधून स्टॅकिंगच्या आधीच पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उताराचा, पार्श्वभूमी-भाग वजा करावा. सिरिलमध्ये ही क्रिया पूर्ण मालिकेवर एकदम करता येते.

उरलेल्या उतारासाठी ग्रॅक्सपर्ट हे पार्श्वभूमी काढणारे सॉफ्टवेअर वापरा. तेही विनामूल्य आहे आणि लिनक्सवर चालते. नमुनाबिंदू (पार्श्वभूमीचा उजेड मोजण्याच्या जागा) हाताने ठेवणार असाल तर चित्र भरपूर ताणून पाहत ठेवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी एक बिंदू दीर्घिकेच्या टोकाकडील फिकट भागावर ठेवला होता. प्रोग्रॅमने त्या भागालाच प्रदूषण समजून वजा केले आणि मधली तबकडी एखाद्या काळ्या खळग्यात ठेवल्यासारखी दिसू लागली. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांहून अधिक पसरलेली आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट रुंद, आणि तुमच्या लेन्सचे क्षेत्र साधारण साडेसहा बाय सव्वाचार अंशांचे आहे. तेव्हा बिंदू कडेकडेलाच राहू द्यावेत.

अभिजित_नागपूर (5 जानेवारी, रात्री 8.45)

गिंप या चित्र-संपादकाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून गिंप 32 बिटमध्ये काम करते, त्यामुळे ‘गिंपमध्ये चित्राच्या छटा तुटतात’ हा जुना आक्षेप आता उरलेला नाही. स्ट्रेचपर्यंतचे काम सिरिलमध्ये करावे, 16 बिट टिफ काढावी आणि शेवटची रंगछटा व मुखवटे (चित्राचा ठरावीक भागच बदलण्याची सोय) यांसाठी गिंप वापरावे. फ्रेम जुळवणे आणि स्टॅक करणे हे मात्र गिंपचे कामच नाही.

गुरुदर्शी (5 जानेवारी, रात्री 10.20)

ग्रहांचा प्रश्न बाजूला राहिला आहे. ग्रहांची पद्धत पूर्णपणे वेगळी असते: तेथे लांब फ्रेम नसतात, काही हजार अतिशय छोट्या फ्रेमचा व्हिडिओ घेतला जातो आणि हवा क्षणभर स्थिर असताना मिळालेल्या निवडक फ्रेमच वापरल्या जातात. गुरू दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, म्हणून काही मिनिटांतच चित्रण आटोपावे लागते, नाहीतर पट्ट्यांमधील बारकावे पुसले जातात.

लिनक्सवर चित्रणासाठी मी फायरकॅप्चर वापरतो आणि एसईआर या व्हिडिओ स्वरूपात साठवतो. स्टॅकिंगसाठी प्लॅनेटरी सिस्टिम स्टॅकर हा पायथनमधील मुक्त प्रोग्रॅम आहे. तो चित्राचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवतो. ऑटोस्टॅकर्ट हे विंडोजचे सॉफ्टवेअर अनेक जण वाइनमधून चालवतात. माझ्याकडेही ते चालते आणि वेगाने ते सरस आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सिरिल एसईआर फाइल उघडते, त्यात वेव्हलेटही (बारकावे तीक्ष्ण करण्याची पद्धत) आहेत, परंतु असे तुकड्यातुकड्यांचे संरेखन हा त्याचा प्रांत नाही. तेव्हा ‘हेच सॉफ्टवेअर पुरेल का’ याचे उत्तर नाही असे आहे.

रूपविकारी (6 जानेवारी, सकाळी 7.30)

मी ताऱ्यांची तेजस्विता मोजतो, सुंदर चित्रे काढत नाही, त्यामुळे माझी निवड निराळी आहे. ॲस्ट्रोइमेजजे आणि ॲस्टॅप हे दोन्ही लिनक्सवर विनामूल्य चालतात. मोजमापासाठी स्ट्रेच, तीक्ष्णता, कणकणपणा घालवणे यांतले काहीही करायचे नसते. फक्त कॅलिब्रेशन करायचे, डीएसएलआरचा हिरवा रंग वेगळा काढायचा आणि शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करायची. 1911 साली स्थापन झालेली आव्सो ही रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या निरीक्षणाची संस्था हौशी निरीक्षकांची अशी मापने स्वीकारते. याच कारणाने माझी सर्वांना विनंती आहे की कच्च्या फायली कधीही पुसू नयेत. आज चित्रासाठी घेतलेल्या फ्रेममध्ये एखादा रूपविकारी तारा सहज सापडलेला असतो.

ताऱ्यांच्या आधारे रंगसंतुलन करण्यासाठी आधी चित्रातील तारे ओळखावे लागतात. डीएसएलआरच्या फाइलमध्ये दुर्बीण कुठे रोखली होती हे नोंदलेले नसते, म्हणून सिरिलला लक्ष्याचे नाव, नाभीय अंतर आणि पिक्सेलचा आकार सांगावा. 200 मिमी आणि 3.72 मायक्रॉन असेल तर एका पिक्सेलला 3.84 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) येतात. हा आकडा चुकला की तारे ओळखले जात नाहीत आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरला दोष देतो. तारकासूची इंटरनेटवरून येते, हेही ध्यानात ठेवा.

राइनकाठचा (6 जानेवारी, दुपारी 2.10)

रूपविकारी यांच्याशी कच्च्या फायलींबाबत पूर्ण सहमत आहे. मात्र तीक्ष्णता आणि कणकणपणा यांसाठी अलीकडे जी प्रशिक्षित (कृत्रिम बुद्धिमत्तेची) साधने आली आहेत, त्यांच्यामुळेही अनेक जण पिक्सइनसाइटकडे वळतात, कारण त्यांतील काही सशुल्क साधने त्याच्या आत चालतात. लिनक्सवर ती ग्राफिक्स कार्डाच्या वेगाने चालवायची असल्यास टेन्सरफ्लोची योग्य लायब्ररी स्वतः बसवावी लागते, अन्यथा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि माझ्या जुन्या यंत्रावर एका चित्राला पाऊण तास लागत असे.

रूपविकारी (6 जानेवारी, दुपारी 3.00)

त्या साधनांनी दाखवलेला बारकावा खरोखर आकाशातला आहे की शिकवणीतून आलेला, हे आपल्याला कसे कळणार? छायाचित्र प्रसिद्ध करताना ती वापरल्याचा स्पष्ट उल्लेख करावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

शर्मिष्ठा (6 जानेवारी, दुपारी 3.40)

ती अपेक्षा रास्त आहे. तारे वेगळे काढणाऱ्या स्टारनेटलाही मी तोच नियम लावते. माझ्या चित्राखाली कॅमेरा, वेळ आणि वापरलेली प्रत्येक प्रक्रिया लिहिलेली असते.

रोहिणी_ठाणे (8 जानेवारी, रात्री 11.30)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्लॅटपॅकमधून सिरिल बसवले. माझ्याकडे बायस फ्रेम नसल्यामुळे स्क्रिप्ट थांबली, म्हणून एकेक टप्पा हाताने केला आणि फ्लॅटच्या कॅलिब्रेशनमध्ये बायसचा रकाना रिकामा सोडला. सह्याद्रीवासी यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक फ्रेममधून सरळ उतार वजा केला आणि नारिंगी छटा जवळपास गेली. परंतु चारही कोपरे अजून काळसर आहेत, जणू फ्लॅट अर्धवटच लागू झाले. पिक्सइनसाइटमध्ये हे टळले असते का?

निशाचर (9 जानेवारी, सकाळी 7.50)

टळले नसते. तुमचा दोष त्या रिकाम्या रकान्यातच आहे. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलला एक ठरावीक आकडा आधीच मिळवून ठेवतो, आणि अनेक डीएसएलआरमध्ये तो 2048 असतो. समजा, फ्लॅटमध्ये मध्यभागी 6000 आणि कोपऱ्यात 4400 आहे. तसाच भागाकार केला तर कोपऱ्यात मध्याच्या 73 टक्के प्रकाश येतो असे सॉफ्टवेअरला वाटते. 2048 वजा केल्यावर 3952 आणि 2352 उरतात, म्हणजे खरा प्रकाश 60 टक्केच आहे. त्यामुळे कोपऱ्यांची दुरुस्ती अपुरी पडली. तुमच्या लाइट्समधून हा आकडा डार्कबरोबर निघून गेला, फ्लॅटमधून निघाला नाही.

बायस आजही घेता येतील. लेन्सवर झाकण ठेवा, आयएसओ तोच ठेवा, सर्वांत वेगवान शटर लावा आणि घरात बसून 50 फ्रेम काढा. किंवा एकच फ्रेम काढून सिरिलमध्ये तिची सांख्यिकी पाहा, आणि मध्यक 2048 दिसला तर फ्लॅटच्या बायस रकान्यात बरोबरच्या चिन्हापुढे 2048 लिहा. सिरिल तो आकडा बायस म्हणून स्वीकारते.

रोहिणी_ठाणे (10 जानेवारी, रात्री 12.15)

मध्यक 2048 च निघाला. रकान्यात तो लिहून फ्लॅटपासून सगळे पुन्हा केले आणि कोपरे सपाट झाले. आता ताणलेल्या चित्रात दीर्घिकेची धुळीची काळी पट्टी गाभ्याच्या एका अंगाला सलग दिसते, आणि एम 110 ही सोबतची छोटी दीर्घिका, जी डीपस्कायस्टॅकरच्या माझ्या जुन्या चित्रात नुसता पुसट डाग होती, तिची लंबगोल कड वेगळी ओळखू येते.

या हंगामापुरते सिरिल, ग्रॅक्सपर्ट आणि शेवटच्या हातासाठी गिंप असे ठरवले आहे. पिक्सइनसाइटचा चाचणी परवाना जूनअखेरीस मागवेन आणि याच 120 फ्रेम त्यातून पुन्हा काढून दोन्ही चित्रे येथेच शेजारी शेजारी ठेवेन. शिल्लक पैशांतून गायडिंगचा कॅमेरा घेण्याचा विचार आहे. तो लिनक्सवर एकोस या दुर्बीण-कॅमेरा नियंत्रक प्रोग्रॅममधून चालतो का, हे विचारण्यासाठी वेगळा धागा काढते.

ध्रुवमत्स्य (10 जानेवारी, सकाळी 9.05)

तो धागा अवश्य काढा. एकोस ज्याच्या आधारे उपकरणे चालवतो त्या इंडीच्या ड्रायव्हरच्या यादीत असलेलाच कॅमेरा घ्या आणि पैसे भरण्याआधी मॉडेलचे नाव तेथे लिहा, म्हणजे आम्हांपैकी ज्यांच्याकडे तो आहे त्यांना आपल्या यंत्रावर लावून पाहता येईल.